सेन्सर बसवला, पेपर छापला... पुढे काय?

मोजपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी मोजमापाच्या उपकरणांच्या धंद्यात आहे. विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांना लागेल ते जुळवून द्यायचं आणि गरज पडली तर पुलावर किंवा डोंगरउतारावर जाऊन बसवूनही द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे 'विद्यार्थ्यांनी बनवलं पुराची सूचना देणारं यंत्र' अशी बातमी आली की माझं लक्ष फोटोतल्या यंत्राकडे जात नाही. तिसऱ्या वर्षी त्याची बॅटरी कोण बदलणार, हाच प्रश्न डोक्यात येतो. असे कितीतरी डबे मी पुढे उघडून पाहिलेत. आत मुंग्यांनी घर केलेलं, सोलर पॅनेलवर पक्ष्यांची कृपा, सिम कार्ड कधीचं बंद. ज्याने ते बनवलं तो पीएचडी संपवून भलत्याच शहरात नोकरीला लागलेला.

जिथे हे जमलं तिथलं एक उदाहरण देतो. २००८ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मोठा पूर आला. पुढच्याच वर्षी राज्याने पैसे दिले आणि आयोवा विद्यापीठात पूर-संशोधन केंद्र उभं राहिलं. पुलाच्या कडेला खाली तोंड करून एक ध्वनिलहरींचा सेन्सर लावायचा. तो पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजतो आणि मोबाइल नेटवर्कवरून आकडा पाठवतो. सुरुवात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातूनच झाली. आज राज्यभरातल्या पुलांवर अशी शेकडो उपकरणं आहेत आणि कुणीही नकाशा उघडून आपल्या ओढ्याची पातळी पाहू शकतो. यंत्रात जगावेगळं काही नाही. फरक इतकाच की तिथे निधी 'प्रकल्पा'ला न देता केंद्राला दिला, आणि तो पुढेही चालू ठेवला.

माझं म्हणणं सरळ आहे. सार्वजनिक सुरक्षेच्या संशोधनात उपकरण बनवणं हा सर्वांत सोपा भाग आहे. पटतंय का? की धंदेवाल्याचा पूर्वग्रह बोलतोय?

गप्पिष्ट

वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

अर्धवट_पीएचडी

'सोपा भाग' हे काही पचलं नाही. तुम्ही सांगितलेल्या त्या साध्या ध्वनी-सेन्सरचंच घ्या. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४० अंशांना साधारण ३५५. म्हणजे सेन्सरपासून पाणी ६ मीटर खाली असेल आणि तापमान हिशेबात धरलंच नाही, तर वीसेक सेंटिमीटरची चूक हमखास.

मग तुम्ही म्हणाल, तापमापक बसवा. बसवला. कुठे? डब्यातच. डबा उन्हात तापून ५५ अंशांवर, खाली पाण्यावरची हवा ३५ अंश. आता प्रोग्रॅम समजतो की आवाज फार वेगाने जातोय, अंतर जास्त काढतो, आणि पाणी आहे त्यापेक्षा वीस सेंटिमीटर खाली दाखवतो. चूक बरोबर घातक बाजूला! तापमापक डब्याबाहेर, सावलीत आणि शक्यतो पाण्याच्या दिशेने खाली लावायचा, एवढी एक गोष्ट कळायला आमच्या गटाचा अख्खा उन्हाळा गेला. त्यावर पेपर होत नाही, म्हणून ती कुठे छापूनही येत नाही.

मोजपट्टी

अगदी मान्य! 'सोपा' म्हणजे इतर गोष्टींच्या मानाने सोपा, असं वाचा. आणि हे पेपरात न येणारं ज्ञान, हाच तर माझा मुद्दा. पर्जन्यमापकाचं बघा. आत दोन कप्प्यांची सीसॉसारखी झुलती बादली असते. ठरावीक पाणी, बऱ्याच मापकांत ०.२ मिलिमीटर पावसाइतकं, साचलं की ती कलंडते आणि एक नोंद होते. वरच्या नरसाळ्यात एक पान अडकलं की नोंद शून्य. सर्व्हरवर बसलेल्या माणसाला 'पाऊस नाही' आणि 'मापक तुंबलंय' यांतला फरक दिसत नाही. त्यात मुसळधार पावसात बादली कलंडेपर्यंतच्या क्षणातलं पाणी निसटतं, म्हणजे नेमका धोक्याचा पाऊस कमी मोजला जातो. हे पुस्तकात आहे, सगळ्यांना माहीतही आहे, पण शेजारी दुसरं मापक लावून ताडून बघायची तसदी किती जण घेतात?

खडूफळा

मी शिकवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मोजपट्टी, तुम्ही विद्यापीठाकडून देखभाल खात्याचं काम मागताय. ते आमचं काम नव्हे आणि आम्हाला ते धड जमणारही नाही. आमच्याकडे माणसं दोन-चार वर्षांनी बदलतात, ती बदलण्यासाठीच येतात. विद्यापीठाची खरी ताकद वेगळी आहे: ज्याच्याकडे मोजायचं कौशल्य आहे आणि उत्तर काय यावं यात ज्याचा काही फायदा-तोटा नाही, असा माणूस.

फोक्सवॅगनचं प्रकरण आठवा. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने गाडीच्या डिकीत धूर मोजणारं यंत्र ठेवलं, नळी धुराड्याला जोडली आणि गाड्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवरून फिरवल्या. कुणाला पकडायला ते निघालेच नव्हते. डिझेल गाड्या अमेरिकेत स्वच्छ चालतात, तशा युरोपातही चालवता येतील, हे दाखवायचा बेत होता. निघालं भलतंच. एका गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट! प्रयोगशाळेत चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर तीच गाडी पास. त्यांचा अहवाल २०१४ चा, सरकारी नोटीस सप्टेंबर २०१५ मध्ये निघाली आणि मग जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायची लबाडी असल्याचं कंपनीने कबूल केलं. त्या गटाने कुठलंही जाळं उभारलं नाही, तिसऱ्या वर्षी कुणी बॅटरीही बदलली नाही. एकदाच मोजलं, पण चोख मोजलं.

अमेरिकेतल्याच फ्लिंट शहराच्या पाण्याचंही तसंच. एप्रिल २०१४ मध्ये शहराने पाण्याचा स्रोत बदलून नदी धरली. नळ आतून गंजू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन घालतात, ते घातलंच नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. अधिकारी म्हणत राहिले, सगळं ठीक आहे. शेवटी २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या स्थापत्य अभियांत्रिकीतल्या गटाने रहिवाशांना बाटल्यांचे संच पाठवले, रहिवाशांनीच नमुने भरून दिले आणि शिसं आकड्यांत समोर आलं. इथे 'उपकरण' म्हणजे रिकामी बाटली आणि ती कशी भरायची याचा कागद. रात्रभर नळ बंद ठेवून सकाळची पहिली धार घ्यायची, आधी पाणी सोडून द्यायचं नाही. आधी धार सोडली तर शिसं वाहून जातं आणि अहवाल छान येतो. सगळी मेख त्या कागदात होती.

पाणवठा

खडूफळा सर, +१. त्या पहिल्या धारेवर स्वतंत्र धागा व्हायला हवा. आम्ही पाणी तपासतो तेव्हा 'नळ दोन मिनिटं सोडून मग घ्या' हीच सवय सगळ्यांना लागलेली असते. जिवाणूंच्या चाचणीला ते बरोबर, शिशाला बरोबर उलटं. काय शोधताय त्यावर बाटली कशी भरायची ते ठरतं.

शंकेखोर

मी या क्षेत्रातला नाही, म्हणून बाळबोध प्रश्न विचारतो. आजकाल हवेची गुणवत्ता दाखवणारे स्वस्त डबे मिळतात. विद्यापीठं ते शहरभर लावतात आणि नकाशा लाल-हिरवा करून दाखवतात. त्यावर किती विश्वास ठेवायचा?

अर्धवट_पीएचडी

शंकेखोर, प्रश्न बाळबोध नाही. यावर मी मनसोक्त लिहू शकतो, कंटाळलात तर सांगा.

त्या डब्यात एक बारीक पंखा हवा ओढतो, हवेतून लेझरचा किरण जातो, धूलिकणांवर आपटून विखुरतो आणि समोरचा डोळा तो विखुरलेला प्रकाश मोजतो. म्हणजे यंत्र वजन मोजत नाही, चमक मोजतं. आपल्याला हवं असतं घनमीटरमागे मायक्रोग्रॅम, म्हणजे वजन. मधलं रूपांतर गृहीतकांवर चालतं: कण गोल आहेत, अमुक घनतेचे आहेत वगैरे. हवेत ओलावा वाढला की कण पाणी शोषून फुगतात, जास्त चमकतात, आणि डबा सांगतो प्रदूषण वाढलं. धुक्याच्या सकाळी हे अगदी ठळक दिसतं. उलट धुळीच्या वादळात मोठे कण त्या इवल्या पंख्याने नीट ओढलेच जात नाहीत, आणि डोळ्यांना धूळ दिसत असताना डबा निवांत असतो.

म्हणून दुरुस्तीचं सूत्र लागतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पर्पलएअर नावाच्या डब्यांसाठी २०२१ मध्ये एक प्रसिद्ध केलं, ते इतकं साधं आहे की इथेच देतो: डब्याचा आकडा गुणिले ०.५२४, त्यातून आर्द्रतेची टक्केवारी गुणिले ०.०८६२ वजा, अधिक ५.७५. डब्याने पीएम २.५ चा (म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) आकडा १०० दाखवला आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर उत्तर येतं ५२. जवळजवळ निम्मं!

आता गंमत बघा. हे सूत्र अमेरिकेतल्या हवेवर, तिथल्या अधिकृत केंद्रांशेजारी डबे ठेवून काढलंय. दुसरीकडच्या धुरात कणांचा आकार वेगळा, काजळीचं प्रमाण वेगळं. सूत्र उचलून लावलं की उत्तर येतं, पण ते बरोबर असेलच असं नाही. स्वतःच्या ठिकाणी अधिकृत यंत्राशेजारी काही महिने, ओल्या आणि कोरड्या दोन्ही ऋतूंत, डबा ठेवून सूत्र काढायला हवं. विद्यापीठाने करावं असं काम ते हेच. डबा तर बाजारात मिळतो.

शंकेखोर

धन्यवाद, डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे नकाशा निरुपयोगी?

अर्धवट_पीएचडी

नाही हो. एकाच जातीचे बरेच डबे आधी शेजारी शेजारी ठेवून जुळवून घेतले असतील, तर कुठला कोपरा जास्त वाईट आणि दिवसातली कुठली वेळ वाईट, हे नकाशा चांगलं सांगतो. नेमक्या आकड्यावरून भांडू नका, इतकंच.

लोखंडी_सांगाडा

पुलांचा विषय निघेल म्हणून वाट पाहत होतो, कुणी काढेना म्हणून मीच काढतो.

१ ऑगस्ट २००७ ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधला आय-३५ डब्ल्यू महामार्गाचा पूल नदीत कोसळला, १३ माणसं गेली. नंतर तिथे बांधलेल्या नव्या पुलात तीनशेहून जास्त सेन्सर घातले आणि मिनेसोटा विद्यापीठ त्यांच्या आकड्यांचा अभ्यास करतं. हे वाचून सगळे म्हणतात, जुन्या पुलाला सेन्सर असते तर! पण चौकशीत निघालं काय? सांध्यांवरच्या जोडपट्ट्या मूळ डिझाइनमध्येच हव्या त्यापेक्षा निम्म्या जाडीच्या होत्या. त्यात दुरुस्तीच्या कामाची वाळू-खडी आणि यंत्रं नेमकी तिथे वर ठेवलेली. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट: काही वर्षं आधी काढलेल्या तपासणीच्या फोटोंत त्या पट्ट्या वाकलेल्या दिसत होत्या. फोटो होता. त्याचा अर्थ कुणी लावला नाही.

दुसरी अडचण तांत्रिक. पुलाची कंपनं मोजून आतली इजा ओळखायची, ही कल्पना फार देखणी. तडा गेला की पूल थोडा लवचीक होतो, त्याची स्वाभाविक वारंवारता (सेकंदाला तो स्वतःहून किती वेळा थरथरतो) उतरते. स्वित्झर्लंडमध्ये झेड-२४ नावाचा एक पूल पाडायचाच होता, तेव्हा संशोधकांनी १९९७-९८ मध्ये त्यावर सुमारे वर्षभर नोंदी घेतल्या आणि मग पाडण्याआधी मुद्दाम टप्प्याटप्प्याने इजा केली. कळलं असं की थंडीत तापमान शून्याखाली गेलं की वरचा डांबराचा थर कडक होतो आणि वारंवारता चढते. हा तापमानाचा खेळ इजेच्या परिणामाला सहज झाकून टाकेल इतका मोठा! आज या विषयात काम करणारा प्रत्येक जण त्या पुलाच्या नोंदी वापरतो. आधी वर्षभर निरोगी पूल समजून घ्या, मग आजारी ओळखा. आणि वर्षभराचा निधी मागितला की समिती विचारते, निष्कर्ष कधी?

गप्पिष्ट

जबरदस्त धागा. वाचनखूण साठवली.

मोजपट्टी

लोखंडी_सांगाडा, तो फोटोचा मुद्दा माझ्या मूळ मुद्द्याला हात घालतो. आकडा किंवा फोटो आला, आता तो कोण वाचणार आणि वाचून काय करणार? खडूफळा सरांशी मी निम्मा सहमत आहे. एकदाच चोख मोजून गैरव्यवहार उघड करणं हे विद्यापीठाचंच काम. पण दरड, पूर आणि भूकंप एकदा मोजून भागत नाही. तिथे आकडा रात्री तीन वाजता येतो.

धोक्याच्या सूचनेचं गणित जरा मांडून बघा. सेन्सर दर १० मिनिटांनी आकडा देतो, म्हणजे वर्षाला ५२,५६० आकडे. समजा हजारातला एकच आकडा खोटा धोका दाखवतो. प्रयोगशाळेत '९९.९ टक्के अचूक' म्हणून टाळ्या मिळतील. प्रत्यक्षात वर्षाला पन्नासेक खोटे भोंगे, आठवड्याला साधारण एक. दुसऱ्या महिन्यात लोक भोंगा बंद करून झोपतील. म्हणून दोन-तीन वेगळ्या प्रकारच्या खुणा एकत्र आल्याशिवाय भोंगा वाजवायचा नाही. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने दरडीसाठी जे बिनतारी जाळं उभारलं, त्यात पावसाबरोबर जमिनीच्या पोटातला पाण्याचा दाब आणि उताराचं कलणं, दोन्ही बघतात. पाऊस वरून दिसतो. दरड सुटते ती आत मुरलेल्या पाण्याच्या दाबाने मातीची पकड ढिली झाली म्हणून. आणि ते जाळं टिकलं, कारण संस्थेने त्यावर माणसं कायम ठेवली.

पाणवठा

भूकंपाच्या सूचनेचं काय? तिथे तर माणसाने वाचायला वेळच नसतो.

अर्धवट_पीएचडी

बरोबर, तिथे यंत्रच ठरवतं. भूकंपाची पहिली लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, जोरात हलवणारी दुसरी साधारण साडेतीन. १०० किलोमीटरवर पहिली १७ सेकंदांत पोचते, दुसरी २९. मधल्या वेळेत ओळखायचं, मोजायचं, निरोप धाडायचा. भूकंपाच्या केंद्राजवळ असलेल्यांना, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज त्यांना, काहीच वेळ मिळत नाही. हे भौतिकशास्त्र आहे, कितीही निधी दिला तरी बदलत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये फोनमधल्याच सेन्सरवर चालणारं मायशेक ॲप काढलं. फोन खिशात हलतो तो चालण्याने की भूकंपाने, हे ओळखणं हाच त्यातला खरा अभियांत्रिकी प्रश्न. पुढे त्याच ॲपवरून कॅलिफोर्नियात २०१९ पासून सरकारी केंद्रांची अधिकृत सूचनाही लोकांना मिळू लागली. पाहा, स्वस्त सेन्सरचं जाळं म्हणून सुरू झालं आणि मुख्य उपयोग झाला निरोप पोचवायला.

खडूफळा

मोजपट्टी, चला, मध्यावर भेटू. विद्यापीठाने पहिली काही वर्षं चालवून दाखवावं आणि मग ते सरकारी खात्याच्या हाती द्यावं. पण देताना काय द्यावं? आमच्याकडे प्रोग्रॅम देतात, सर्किटचा आराखडा देतात. 'दर पावसाळ्याआधी नरसाळं साफ करा, तापमापक सावलीत आहे का बघा' हे कुणी लिहून देत नाही. अहवालात त्याला रकानाच नाही. मी परीक्षक असतो तेव्हा हल्ली हेच पान मागतो. मुलं चिडतात.

मोजपट्टी

हे पान सगळीकडे सक्तीचं करा सर, माझा धंदा थोडा बुडाला तरी चालेल. :)

नवखा_अभियंता

सगळं वाचलं. मी शेवटच्या वर्षाला आहे. गटात चौघं आहोत. ओढ्यावरच्या पायपुलासाठी पाणीपातळीची सूचना देणारं यंत्र करायचं ठरलंय. भाग अजून मागवले नाहीत. काय बदलू? रागवा चालेल.

अर्धवट_पीएचडी

तापमापक डब्याबाहेर! आणि पुलाच्या खांबावर रंगाने पट्टी आखून घ्या, सेंटिमीटरच्या खुणांची. रोज कुणीतरी एकाने डोळ्यांनी वाचून वहीत लिहायचं. तुमच्या यंत्राची खरी परीक्षा त्या वहीशी.

मोजपट्टी

भाग मागवण्याआधी एक काम कर. त्या पुलावरून रोज जाणारी माणसं कोण, आणि पाणी चढल्यावर पूल बंद करायचा अधिकार कुणाला आहे, हे शोधून काढ. त्या माणसाला जाऊन भेट. किती पाण्याला पूल बंद करायचा, हा आकडा त्याच्याकडून घे, स्वतःच्या मनाने ठरवू नकोस. मग यंत्राने दर तासाला 'मी जिवंत आहे' एवढा निरोप पाठवायची सोय कर. तो थांबला तर लाल दिवा लागला पाहिजे, पातळी कमी आहे असं दिसता कामा नये. बाकी सेन्सर कुठलाही घे, स्वस्तातला चालेल.

नवखा_अभियंता

अधिकार कुणाला आहे ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. सोमवारी विचारून येतो आणि इथेच लिहितो.

लोखंडी_सांगाडा

जाशील तेव्हा पुलाच्या सांध्यांचे फोटोही काढून आण. दिवसाउजेडी, जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. (सभासद नव्हे, खरीखुरी.)